तुम्ही विचारलंत म्हणून : लघुप्रबंधाला विषय कोणता घेऊ?

सातारा-सांगलीकडून एम.एड.ला जाणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. अभ्यासक्रम आणि अध्यापन या अंगाने लघुप्रबंध (पदवीसाठीचं छोटं संशोधन) करायचा, पण विषय सुचत नाही. सुचतो तो बहुतेक वेळा असा : 'सातारा जिल्ह्यातील माध्यमिक अभ्यासक्रमाचा चिकित्सक अभ्यास'. शीर्षक भारदस्त आहे, पण एवढा पसारा दोन वर्षांत आवरत नाही. एक इयत्ता, एक विषय, एक घटक घ्या. आणि तो घटक मुलांच्या वह्यांमधून शोधा.

समजा पाचवीचं गणित. 1/2 + 1/3 = 2/5. हे उत्तर कुठल्याही वर्गात सापडेल. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. म्हणजे मुलाच्या लेखी या वर-खाली लिहिलेल्या दोन सुट्या संख्या आहेत. 2/5 तर 1/2 पेक्षाही लहान! बेरीज करून कमी झालं, हे त्याला खटकत नाही, आणि तुमचा विषय तिथेच आहे. 'अपूर्णांक समजतो' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. 'उत्तर काढण्याआधीच ते 1/2 पेक्षा मोठं येणार हे सांगतो आणि कारण देतो' हे मोजता येतं.

मग संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला चाचणीत किती गुण याचा आराखडा, तोही पाठ टाचणाआधी. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलरने 1949 मध्ये मांडलेले चार प्रश्न (उद्दिष्ट काय, अनुभव कोणते, त्यांची रचना कशी, मूल्यमापन कसं) सगळ्यांना पाठ असतात. चाचणी काढताना मात्र पहिला आणि चौथा एकमेकांना भेटत नाहीत. 20 पैकी 16 गुण नुसत्या बेरजांना गेले तर रीत तपासली जाते, आकलन राहून जातं.

समजा तुम्ही प्रयोग केलात : एका गटाला (प्रायोगिक) अपूर्णांक कागदाच्या पट्ट्यांनी शिकवले, दुसऱ्याला (नियंत्रित) नेहमीसारखे, आणि आधी पूर्वचाचणी, नंतर उत्तरचाचणी घेतली. असा प्रयोग फसतो तो बारीकसारीक गोष्टींत. प्रायोगिक गटाला 12 तासिका आणि नियंत्रित गटाला 8 दिल्या, तर फरक पद्धतीचा की जादा तासांचा, हे कळायला मार्ग नाही. एकाच शाळेच्या दोन तुकड्या घेतल्या की कागदाच्या पट्ट्या मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीत पोचतातच. फक्त 'कच्ची' मुलं निवडू नका; पूर्वचाचणीत तळाला असलेला गट काहीही न करता उत्तरचाचणीत थोडा वर सरकतो आणि श्रेय तुमच्या पद्धतीला जातं.

पाटण-जावळीच्या डोंगरी शाळेत वर्गाचा पट नऊ असेल तर टी-चाचणीचा (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या सांख्यिकी चाचणीचा) हट्ट सोडा. नऊ मुलांच्या चुकांचं वहीनिहाय विश्लेषण त्याहून कितीतरी मोलाचं ठरतं, मार्गदर्शकांना आकडेवारीची कितीही हौस असली तरी.

जतसारख्या भागात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतात. तिथे पूर्वचाचणी, तासिका, उत्तरचाचणी हे सगळं दिवाळीच्या आत बसवा, नाहीतर पूर्वचाचणी दिलेली मुलं उत्तरचाचणीला फडावर असतील. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी शाळा सुरू झाल्याबरोबर मागा. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर पत्र वरच्या कार्यालयातून फिरून येतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.