भाव बरा हाय, पण…

"भाव बरा हाय, पण लई बरा नाही. निम्मं इकू, निम्मं ठिऊ."

लातूरच्या मार्केट यार्डात आज आडत्याने सोयाबीनचं विचारलं, तेव्हा एका काकांनी दिलेलं हे उत्तर. आडत्या मान हलवून पुढे गेला. मी मात्र त्या 'निम्मं'वर अडकलोय.

शेअर बाजाराच्या जुन्या गणितात असा माणूसच नव्हता. तिथला गुंतवणूकदार सर्वज्ञ, आणि सगळे एकसारखेच.

अमेरिकेतल्या सांता फे इन्स्टिट्यूटमध्ये ब्रायन आर्थर, जॉन हॉलंड आदी संशोधकांनी संगणकात कृत्रिम बाजार उभा केला. प्रत्येक ट्रेडरचे स्वतःचे ठोकताळे, अनुभवाने बदलणारे. ते सावकाश बदलू दिले की किंमत रास्त मूल्याजवळ राहायची. भराभर बदलू दिले की फुगे यायचे, पडझडही व्हायची. बाहेरून कुणी अफवा न सोडता!

पण त्या ठोकताळ्यांतल्या अटी (किंमत जास्त आहे का?) 'होय' किंवा 'नाही' अशाच होत्या. २००१ मध्ये निकोलस टे आणि स्कॉट लिन या संशोधकांनी तिथे फझी तर्क आणला, म्हणजे 'होय' आणि 'नाही'च्या मधलं 'थोडंफार'ही मोजणारं गणित. त्याचा पाया लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये घातला होता. किंमत 'जास्त' आहे, पण किती अंशी? त्या प्रमाणात पुढचा अंदाज. काकांचा हिशेब याच्या फार जवळचा आहे.

आपल्या सोयाबीन-तुरीच्या बाजाराचं असं मॉडेल व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचं कर्ज वेगळं, पेरणीची घाई वेगळी, धीर वेगळा.

तुमच्या घरी माल कधी काढायचा हे कोण ठरवतं, आणि कशावरून?