लेसचं टोपण

सकाळी टेकडीवर जायला निघालो आणि दारातच अडलो. बूट धुताना लेस काढून ठेवली होती, ती आता परत ओवता येईना. लेसच्या टोकाला प्लास्टिकची बारीक नळी असते ना, ती कुठेतरी गळून पडली होती आणि आतल्या दोऱ्यांनी दाढीच्या ब्रशासारखा पिसारा फुलवला होता. थुंकी लावून टोक वळलं, भोकात घातलं. तीन दोरे आत गेले, बाकीचे बाहेर रुसून बसले. पुन्हा थुंकी, पुन्हा वळणं. पाच-सात मिनिटं झाली तसा आतून आवाज आला, "अहो, गेलात की आहात अजून?"

लहानपणी शनिवारी पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट घालावे लागत, तेव्हा हे काम आजोबांकडे असे. मेणबत्तीचा तुकडा घेऊन ते लेसचं टोक चोळायचे, बोटांत फिरवून सुईसारखं कडक करायचे, आणि वर "आता टोपण नाही गेलं तरी चालेल" असं म्हणायचे. आमच्या घरात त्या नळीला टोपणच म्हणत. इंग्रजीत म्हणे तिच्यासाठी अ‍ॅग्लेट असा खास शब्द आहे. एवढ्याशा गोष्टीला वेगळा शब्द ठेवणारी माणसं तिच्यावर अख्खा कार्यक्रम करतील, यात काही नवल नाही. आणि तो त्यांनी केला. रेडिओवर, नाताळात, आणि त्या वेळी अमेरिकेतल्या सगळ्यात लोकप्रिय विनोदवीरांपैकी एकाने.

त्याचं नाव जॅक बेनी. शिकागोजवळच्या वॉकीगन गावात वाढलेला, जन्मनाव बेंजामिन कुबेल्स्की. 1932 साली तो रेडिओवर आला आणि 1955 पर्यंत, त्यातली बहुतेक वर्षं रविवारी संध्याकाळी, लोकांच्या बैठकीच्या खोलीत बसून राहिला. कार्यक्रमात तो स्वतःचंच नाव लावून एक पात्र रंगवायचा: अतोनात चिक्कू, व्हायोलिन भयंकर वाजवणारा, आणि कितीही वर्षं गेली तरी एकोणचाळिशीतच असलेला. घराच्या तळघरात त्याची तिजोरी, तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटावा असा पहारेकरी. त्याची जुनाट मॅक्सवेल गाडी सुरू होताना खोकायची, शिंकायची, मरणाच्या दारात जाऊन परत यायची. आणि हे सगळे आवाज मेल ब्लँक नावाचा एक माणूस घशातून काढायचा. हाच ब्लँक कार्टूनमधल्या बग्ज बनीचाही आवाज. 1948 सालच्या एका भागात चोर बेनीला रस्त्यात अडवून विचारतो, पैसा की प्राण? बेनी काहीच बोलत नाही. प्रेक्षक हसत सुटतात. चोर पुन्हा दरडावतो, तेव्हा हा वैतागून म्हणतो, विचार करतोय ना! रेडिओवर गप्प बसून हशा घ्यायचा म्हणजे काय छाती लागत असेल बघा. आमच्याकडे निवेदकाला दोन सेकंद खोकला आला तर स्टेशन बंद पडलं असं वाटायचं.

तर तो नाताळाचा भाग. 8 डिसेंबर 1946. बेनी एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नाताळाची खरेदी करायला गेला आहे. कार्यक्रमाचा निवेदक डॉन विल्सन, देहाने अवाढव्य, आणि त्याच्या आकारावर वर्षानुवर्षं विनोद चाललेले. या डॉनला नाताळची भेट म्हणून बेनी काय घेतो? बुटाच्या लेस. खाली वाकून ज्याला स्वतःचे बूट दिसत असतील की नाही याची शंका यावी, त्याला लेस! इथवर नेहमीचा चिक्कूपणा. पण मग काउंटरवरचा विक्रेता, म्हणजे पुन्हा मेल ब्लँकच, अगदी सरळ मनाने एक प्रश्न पुढे करतो: टोपणं प्लास्टिकची हवीत की धातूची?

संपलं. यापुढे लेस, डॉन, नाताळ सगळं मागे पडतं आणि टोपण उरतं. बेनी एक घेतो, छान कागदात बांधून घेतो, निघतो. दुकानात इकडेतिकडे फिरतो, आणि परत येतो. दुसरीच बरी. कागद सोडवा, लेस बदला, पुन्हा बांधा. पुन्हा जातो. पुन्हा येतो. विक्रेत्याचा आवाज पहिल्या वेळी गुळाचा असतो. पुढे त्यातला गूळ विरघळत जातो, आणि शेवटी तो माणूस बोलत नाही, किंचाळतो.

हा भाग मी पहिल्यांदा ऐकला तो कानात इअरफोन घालून, तळजाईच्या चढावर. एकटाच हसत चाललेल्या माणसाकडे टेकडीवरची मंडळी कसं बघतात ते तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र एक गोष्ट खटकली. हा चिक्कूपणाचा विनोद आहे असं सगळे समजतात, मीही समजत होतो. पण नाहीच तो. खरा चिक्कू माणूस परत येत नाही, त्याचं बसभाडं जातं. तो स्वस्तातली लेस घेतो आणि मोकळा होतो. ती कशी निघेल ही चिंता घेणाऱ्याची. बेनी परत येतो तो पैशासाठी नाही. काही पैशांच्या वस्तूत त्याला डॉनला शोभेल असंच टोपण द्यायचंय. कवडीची भेट आणि लाखाची काळजी. ज्याच्यावर माया आहे त्याला काय द्यावं हे न कळणारा माणूस दुकानदाराला किती छळू शकतो, हे ज्याने दिवाळीत मेहुणीसाठी साडी घेतली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. काठ बारीक की रुंद, एवढ्यावर आमच्या घरात एकदा दोन रिक्षाफेऱ्या झाल्या आहेत.

आणि हे रेडिओवरच जमतं. बेनीने पुढे दूरदर्शनच्या पडद्यावरही ही खरेदी आणली, तिथे विक्रेत्याचा चेहरा दिसतो, मजाही येते. पण रेडिओवर लेस दिसत नाही, टोपण तर नाहीच नाही. प्लास्टिक आणि धातू यांत फरक आहे की नाही, हे श्रोत्याने आपल्या डोळ्यांसमोर आणून ठरवायचं, आणि तो कितीही डोळे ताणो, दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय मधल्या वेळात दुसरेच प्रसंग चालू असतात: दुकानातला खडूस व्यवस्थापक, ओळखीची माणसं, कोणाचं काही, कोणाचं काही. आपण लेस विसरून जातो. तेवढ्यात बेनीचा आवाज पुन्हा काउंटरपाशी ऐकू येतो, आणि त्याने काय हवंय ते सांगण्याआधीच समोर बसलेले प्रेक्षक हसायला लागतात. ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं. आधी एक-दोघं, मग सगळे. विनोद अजून झालेलाच नाही, नुसती पावलं वाजली आहेत.

आपल्याकडे रेडिओवरचं 'पुन्हा प्रपंच' ऐकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. टेकाडे भावजी दारात आले की बाकी काही कळायच्या आत घरात हास्याची तयारी व्हायची. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे भावजी. तीन आवाज, आणि त्यांतून उभं राहिलेलं एक अख्खं दिवाणखान्याचं घर, जे आम्ही कधीही पाहिलं नाही. तरी त्या घरातली खुर्ची कुठे आहे हे मी आजही सांगू शकेन.

लेसचा भाग इतका चालला की पुढे दरवर्षी नाताळ जवळ आला की बेनीची खरेदी ठरलेलीच झाली. कधी शर्टाच्या मनगटाच्या गुंड्या, कधी गोल्फचा चेंडू ठेवायच्या खुंट्या, कधी खजुराचा डबा, कधी चित्रकलेचे रंग, तेही जलरंग की तैलरंग या घोळासकट. एका वर्षी तर बिळात राहणारा प्राणी पकडायचा सापळा. वस्तू बदलते, विक्रेता मात्र मेल ब्लँक, आणि शेवट तोच. कधी विक्रेत्याचा मानसोपचारतज्ज्ञ भेटतो, कधी बायको, आणि त्यांचाही जीव मेटाकुटीला. काय होणार हे ऐकणाऱ्यांना पक्कं माहीत असे, आणि म्हणूनच ते ऐकत. कीर्तनात द्रौपदीवस्त्रहरणाचं आख्यान लागलं तर पुढे काय होणार हे कुठल्या आजीला माहीत नसतं? तरी ती मांडी सावरून बसते ना. बुवा या वेळी कसं सांगतात, यासाठी.

एक गंमत आणखी. नाताळाच्या गर्दीत हैराण करणारा बेनी आणि हैराण होणारा ब्लँक, दोघेही ज्यू घरातले. अमेरिकेच्या नाताळाच्या आठवणीत बुटाची लेस ओवून ठेवली ती या दोघांनी. कार्यक्रमात यावर कोणी भाष्य केलं नाही आणि श्रोत्यांनाही त्याची गरज वाटली नाही.

प्रत्यक्षात बेनी चिक्कू नव्हता, उलट. हॉटेलात बक्षिशी कमी दिली तर लोक म्हणतील, बघा, खराच कंजूष आहे, म्हणून त्याला भरभक्कम बक्षिशी द्यावी लागे. पात्राचं भाडं माणसाला भरावं लागतं ते असं. तो गेला तो 26 डिसेंबर 1974 ला, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर त्याची बायको मेरी लिव्हिंगस्टन, कार्यक्रमातही त्याच्यासोबत असणारी, तिच्याकडे रोज एक लाल गुलाब येऊ लागला. फुलवाल्याकडे चौकशी केली तेव्हा कळलं की ती हयात असेपर्यंत रोज एक गुलाब पोचवायची तजवीज बेनीने आधीच करून ठेवली होती. मेरी 1983 साली गेली. म्हणजे आठ वर्षांहून जास्त, रोज एक. हे वाचून गहिवरून यायला हवं, आणि येतंच. पण माझ्या डोळ्यांपुढे मात्र बेनी फुलवाल्याच्या काउंटरवर उभा राहतो. दांडी लांब असावी की आखूड? काटे काढून की काट्यांसकट? आणि तो बिचारा फुलवाला.

असो. लेस आणायला कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "किती भोकांची?" भोकं मोजायची असतात हे मला कोण सांगणार! अंदाजाने सात म्हटलं. घरी आलो तर सहाच. गाठ मारून दोन्ही फास जमिनीला टेकत होते. परत गेलो. त्याने हसतमुखाने बदलून दिली. घरी येऊन बघतो तो ही गोल, आणि माझी आधीची चपटी होती. गोल लेसची गाठ चालताना सुटते, असं हिचं म्हणणं. "नवे बूट घ्या की सरळ," हेही तिचंच म्हणणं.

तिसऱ्यांदा दुकानात शिरलो तेव्हा त्या पोराच्या चेहऱ्यावरचं हसू जरा ताणलेलं होतं. काही न विचारता त्याने लेसचा अख्खा खोकाच काउंटरवर आणून ठेवला. "काका, सगळ्या बघून घ्या एकदाच."

मी खोका उघडला. पांढऱ्या, काळ्या, चपट्या, गोल, सगळ्यांची टोपणं प्लास्टिकची.

"धातूच्या टोपणाच्या नाहीत का रे?" मी विचारलं.