ही बी पेटंट, ती बी पेटंट

"साहेब, ही बी पेटंट, ती बी पेटंट. तुम्ही रंग बघून घ्या."

गाडीत उन्हाच्या पट्टीला चष्मा अडकवायची क्लिप घेत होतो. एक 80 रुपयांची, एक 150 ची. तोच चिमटा, काडीला ओरखडा पडू नये म्हणून आत तोच काळा मखमली तुकडा. दोन्ही पाकिटांवर ठळक 'पेटंटेड'. नंबर मात्र एकावरही नाही.

पेटंट त्या-त्या देशापुरतं, तेही अर्जापासून 20 वर्षं. आणि नसताना तसं छापलं तर आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 120 खाली दंड. (हे घरी येऊन वाचलं. दुकानात गप्पच होतो.)

मग अमेरिकेतला रॉबर्ट कर्न्स आठवला. थांबत थांबत चालणारा वायपर त्याचा. त्याचं पेटंट न विचारता वापरलं म्हणून फोर्डवर 1978 मध्ये दावा, 1990 मध्ये तडजोड: 1 कोटी 2 लाख डॉलर. 12 वर्षं! क्रायस्लर या दुसऱ्या गाडी कंपनीवरचा बराचसा खटला तर वकिलाशिवाय स्वतःच लढला म्हणे.

वायपरचं ठीक आहे हो. 80 रुपयांच्या चिमट्यासाठी कोण कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार?

मी 80 चीच घेतली. मखमल घरी पोचेपर्यंत सुटली.

मुळात हा चिमटा सुचला कुणाला असेल? या दोन पाकिटवाल्यांपैकी एकाला, की भलत्याच तिसऱ्याला?