आंबा घाट, तेलपंप आणि मामांची आरडी

जून महिन्यात उघडलेले इंजिन मागच्या रविवारी पहिल्यांदा सुरू झाले, म्हणून या चार महिन्यांच्या नोंदी एकत्र करून लिहीत आहे. गाडी १९८६ ची राजदूत ३५०, म्हणजे यामाहाच्या आरडी ३५० या मोटरसायकलची आपल्याकडे बनलेली आवृत्ती, त्यातही लो टॉर्क, म्हणजे कमी ताकदीची. मूळ मालक माझे थोरले मामा, मुक्काम इचलकरंजी. गेली वीसेक वर्षे ती त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून उभी होती. ज्यांनी आरडी कधी चालवलेली नाही त्यांच्यासाठी या ओळी लिहिण्याचा काही उपयोग नाही. ज्यांनी चालवली आहे त्यांना टाकीवरचा रंग उडालेला असूनही मी ती का आणली, हे सांगावे लागणार नाही.

थोडा इतिहास मात्र सांगतो, कारण पुढच्या निर्णयांशी त्याचा संबंध आहे. यामाहाची मूळ आरडी ३५० जपानमध्ये १९७३ ला आली: ६४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ५४ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ३४७ सीसीचे हवेने थंड होणारे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, रीड व्हॉल्व्ह (आत गेलेले मिश्रण मागे येऊ न देणारी पातळ झडप), सहा गिअर आणि ३९ अश्वशक्ती. १९७५ नंतर तिची जागा आरडी ४०० ने घेतली, आणि १९८० पासून पाण्याने थंड होणारी एलसी आली. आपल्याकडे राजदूत बनवणाऱ्या एस्कॉर्ट्स कंपनीने फरिदाबादला हीच जुनी आरडी १९८३ मध्ये बनवायला घेतली, म्हणजे तिच्या मायदेशात ती बंद पडून आठ वर्षे झाल्यावर. पहिल्या, हाय टॉर्क गाड्यांची ताकद ३०.५ अश्वशक्तीवर आणली गेली आणि नंतरच्या लो टॉर्कची २७ वर. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन तिथे ड्रम ब्रेक आला. तरीही बुलेटच्या १८ अश्वशक्तीची सवय असलेल्या रस्त्यांवर ही गाडी काय वाटली असेल, ते तिच्या टोपणनावावरून कळते. राजदूतचा यमदूत उगाच झाला नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत तिने गाजवलेले दिवस मामा वर्तमानपत्रांतल्या कात्रणांवरून सांगतात. स्वतः ते तिथे कधी गेले नाहीत.

मला भेटणाऱ्या बहुतेक आरडीवाल्यांचा पहिला सल्ला असा, की लो टॉर्कचे ब्लॉक (सिलिंडर) बाजूला ठेवावेत, बाहेरून जपानी ब्लॉक आणि डिस्क मागवावी, आणि गाडी ‘खरी’ करून टाकावी. त्यात गैर काही नाही, पण मला ते करायचे नाही. ही गाडी २७ अश्वशक्तीची म्हणूनच मामांच्या हाती आली, आणि तिच्यावर जे काही घडले ते त्याच इंजिनावर घडले. मला दुरुस्त करायची आहे ती एकच गोष्ट, आणि ती कारखान्यातून चुकीची आलेलीच नव्हती.

झाले असे होते. गाडी घेतल्यावर दोनच वर्षांत एका मेकॅनिकने मामांना पटवले, की ऑटोल्यूबचा तेलपंप, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाला लागणारे तेल वेगळ्या टाकीतून आत पोचवणारा पंप, कधी दगा देईल ते सांगता येत नाही, त्यापेक्षा पंप काढून टाकावा आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळावे. त्या काळी हा सल्ला सर्रास दिला जाई आणि सर्रास मानलाही जाई. मामांनी पंप काढला. पुढच्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरत असताना, दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडलेली असताना, मागचे चाक एकाएकी जाम झाले. क्लच दाबण्याची बुद्धी वेळेवर झाली म्हणून ते कठड्यापाशी उभे राहिले. मागे बसलेल्या मामींनी त्यानंतर आरडीवर पाय ठेवला नाही.

तेव्हा सर्वांनी दोष गाडीला दिला. खरे कारण सोपे आहे. तेल पेट्रोलमध्ये मिसळलेले असेल तर ते पेट्रोलबरोबरच आत जाते. घाट उतरताना गाडीचे वजन इंजिनाला मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांवर फिरवत राहते, पण मूठ मिटलेली असल्यामुळे पेट्रोल जवळजवळ जात नाही आणि त्यामुळे तेलही जात नाही. पंप असता तर तो इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरला असता. मूठ उघडली की केबलने त्याचा स्ट्रोक, म्हणजे तेल ढकलणाऱ्या दट्ट्याची धाव, वाढतो, आणि मूठ पूर्ण मिटली तरी ०.२० ते ०.२५ मिलिमीटरचा किमान स्ट्रोक उरतोच. म्हणजे उतारावर थेंब थेंब का होईना, तेल पोहोचत राहते. ज्या रस्त्यासाठी हा पंप सर्वांत गरजेचा, त्याच रस्त्यावर तो घरी कपाटात होता.

इंजिन उघडल्यावर पंपाच्या जागी ॲल्युमिनिअमची कापलेली पट्टी आणि तेल आत शिरण्याच्या दोन्ही तोंडांत ठोकलेले स्क्रू सापडले. डाव्या ब्लॉकवर जुन्या जाम होण्याच्या उभ्या रेघा मागे एकदा बोअर करूनही (आतून कातून मोठा करूनही) पुसट दिसत होत्या. दोन्ही ब्लॉक पुन्हा बोअर करून ६४.५० मिलिमीटरच्या पिस्टनवर आणले. आरडीचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, सुटे भाग दाबून जोडलेला असतो, त्यामुळे नवे कनेक्टिंग रॉड घालायचे तर तो सुटा करून पुन्हा सरळ जुळवावा लागतो. हे काम उद्यमनगरातल्या एका वयस्कर लेथवाल्यांनी केले. तीन दिवस ते तांब्याच्या हातोडीने टोले देत आणि डायल गेज लावून पाहत होते; शेवटी काटा ०.०२ मिलिमीटरवर थांबला तेव्हा त्यांनी चहा मागवला. बेअरिंगे आणि दोन्ही बाजूंची ऑइल सीले नवी घातली. उजवीकडचे सील गेले तर इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून धूर करते, हे निदान दिसते तरी. डावीकडचे गेले तर ते हवा ओढते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत काही कळत नाही.

म्हणून इंजिन जोडल्यावर गळतीची चाचणी केल्याशिवाय ते चौकटीत बसवायचे नाही, असे ठरवले होते. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडे रबरी बुचांनी बंद केली आणि रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा व डायल एका बुचाला जोडला. डायलवरचे ३०० म्हणजे साधारण ५.८ पीएसआय (दाबाचे एकक), आणि या कामाला सहा पीएसआय सहा मिनिटे टिकले तर पुरेसे मानतात. पहिल्या वेळी काटा मिनिटाभरात खाली आला. मी एकाच सिलिंडरची तोंडे बंद केली होती आणि क्रँकच्या मधल्या लॅबिरिन्थ सीलला (नुसत्या बारीक खाचांनी हवा अडवणाऱ्या) रबर नसतेच; हवा तिथून शेजारच्या सिलिंडरात झिरपत होती. अर्धा दिवस मी नवी सीले शिव्या घालत तपासत बसलो. दोन्हीकडची तोंडे एकदम बंद केल्यावर काटा सहा मिनिटांत जेमतेम दहा घरे उतरला.

पंप मात्र मामांनी जपून ठेवला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, शिवणयंत्राच्या खणात. त्याचा प्लंजर (दट्ट्या) अडकला नव्हता. सील आणि वायसर पुण्याच्या नाना पेठेत मिळाले, नळ्या नव्या घातल्या. किमान स्ट्रोक मोजला तर ०.१५ निघाला, एक पातळ शिम घातल्यावर ०.२२ वर आला. नंतर पंपाचे पांढरे चाक हाताने फिरवत नळ्यांतले हवेचे बुडबुडे जाईपर्यंत तेल चढवले. पंपावर पूर्ण विश्वास बसेपर्यंत पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडे तेल मिसळले आहे. धूर जास्त होतो, पण चालेल.

ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट दोन, प्रत्येक सिलिंडरला एक. प्लगच्या भोकातून डायल गेज सोडून पिस्टन वरच्या टोकाच्या २ मिलिमीटर आधी असताना ठिणगी पडेल, असे दोन्ही लावले. रविवारी सकाळी सातव्या किकला इंजिन बोलले. मामा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आवाज ऐकला नाही; वाकून पारदर्शक नळीतून पुढे सरकणारे तेल बघत राहिले आणि म्हणाले, “हे तेव्हाच कुणी दाखवलं असतं तर!” मामी दारापर्यंत आल्या आणि तिथूनच परत गेल्या.

आता उरले आहेत पुढच्या ड्रमचे ब्रेक-शू. अस्तर नवे लावले, तरी दोन्ही शू एकाच वेळी ड्रमला टेकत नाहीत, त्यामुळे त्या दोघांना एकत्र हलवणाऱ्या जोडदांडीची लांबी पुन्हा जुळवावी लागेल. ते होईपर्यंत गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि परत येते.