बॅटरी बंद करा, काजवे येतील

मे महिना संपत आलेला, वळवाचे दोन पाऊस होऊन गेलेले, आणि मी पहिल्यांदाच काजवे बघायला भंडारदऱ्याला गेले होते. रतनवाडीच्या रस्त्याला गाड्यांची ही रांग, सगळ्यांचे हेडलाईट चालू, कुठल्यातरी गाडीत मोठ्याने गाणी. टॉर्च वापरू नका असा बोर्ड होता आणि तो मी वाचला होता, तरी गाडीतून उतरून दहा पावलं चालल्यावर पायाखालचं दिसेना म्हणून सरळ मोबाईलचा टॉर्च लावला.

आमच्याबरोबर गावातला एक मुलगा होता वाट दाखवायला, जेमतेम विशीतला. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, बॅटरी बंद करा ना. झाडावर लुकलुकतोय तो नर आहे, मादीला बोलवतोय. ती खाली असती, गवतात, झुडपात. तुमच्या उजेडात त्यांना एकमेकांचं दिसंनाच."

मी टॉर्च बंद केला. आधी काहीच दिसलं नाही, नुसता मिट्ट काळोख. मग समोरच्या सादड्यावर एक ठिपका, मग पाचसहा, आणि थोड्या वेळाने अख्खं झाड एका तालात पेटत-विझत होतं, आणि मी पाय उचलायलाच घाबरत होते कारण गवतात कोण आहे ते आता मला माहीत होतं. पंख फुटलेला काजवा जेमतेम दोनतीन आठवडे जगतो, त्याआधीचे कितीतरी महिने अळी होऊन मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात काढतो. म्हणजे फोटोसाठी आपण झाडाखालचं गवत तुडवतो तेव्हा पायाखाली काय काय जातं बघा.

त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. बोर्डाने जे झालं नाही ते त्या मुलाच्या दोन वाक्यांनी कसं झालं? बोर्ड फक्त नको म्हणत होता, त्याने मला कशामुळे काय होतं ते सांगितलं, आणि सांगणारा तिथलाच होता, ते जंगल त्याच्या घरामागचं होतं.

बोर्डावर काय लिहितो त्यानेही फरक पडतो बरं का. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रिफाईड फॉरेस्ट नावाचं नॅशनल पार्क आहे, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड झालेलं लाकूड पडलेलं असतं आणि लोक आठवण म्हणून तुकडे खिशात घालतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने तिथे प्रयोग केला, वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि बोर्ड बदलून बघितले. "आधी आलेल्या बऱ्याच लोकांनी लाकूड नेलंय, त्यामुळे इथली परिस्थिती बिघडलीय" अशा बोर्डापाशी जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. "कृपया लाकूड नेऊ नका" एवढंच सांगितलं तिथे २ टक्क्यांपेक्षाही कमी. म्हणजे सगळेच नेतात असं कळलं की माणसाला नेणं साधं वाटायला लागतं. मला हे वाचून एकदम आपले कचऱ्याचे व्हिडिओ आठवले. गडावर किती घाण केलीय बघा म्हणून आपण तळमळीने टाकतो, मीही टाकलेत, पण बघणाऱ्यापर्यंत सगळे असंच करतात हे सुद्धा पोचतं. आता मी कचरा गोळा करून खाली उतरवणाऱ्यांचे फोटो टाकते.

हरिश्चंद्रगडावर तर हे डोळ्यांसमोर घडलं. पाचनईकडून आमचा पंधरा जणांचा ग्रुप वर गेला होता, सगळे एकमेकांना नवीन. लीडर दादांनी भाषण वगैरे काही दिलं नाही, पहिल्या विश्रांतीला दगडाच्या फटीतून वेफर्सचं एक पाकीट काढलं, झटकलं, सॅकला बांधलेल्या पिशवीत टाकलं आणि पुढे चालायला लागले. दुसऱ्या विश्रांतीला आणखी दोघं वाकले. मंदिरापाशी पोचेपर्यंत संत्र्याची सालं कुजतातच की म्हणून वाद घालणारा मुलगासुद्धा स्वतःची सालं रुमालात बांधून घेऊन आला (उन्हात वाळलेलं साल कितीतरी महिने तसंच पडून राहतं आणि माकडांना सवय लागते ती वेगळीच).

जेवण झाल्यावर त्याच ग्रुपमधले दोघं साबण घेऊन पाण्याच्या टाक्यावर ताटं धुवायला निघाले. पिठलं-भाकरी करून देणाऱ्या मावशी चुलीपासूनच म्हणाल्या, "बाळांनो, आत्ता चहा प्यालात ना, तो त्याच पाण्याचा." बास, एवढंच. दोघंही जागच्या जागी थांबले, मग ताटं राखेने घासली आणि बाटलीतल्या पाण्याने लांब जाऊन विसळली. या अकोले तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात बायकांना हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करावी लागते हे आपल्यासारख्या जुलैत येणाऱ्यांना कळतच नाही. निदान एकदा तरी उन्हाळ्यात जा आणि गावातल्या कुणाच्या घरी जेवा, असं मी सगळ्यांना सांगते.

दंड नको असं मी म्हणत नाहीये. भर गर्दीच्या शनिवारी, दारू पिऊन आलेल्या टोळक्यासमोर दंडच लागतो. पण दंड घेणारा माणूस असतो खाली चेकनाक्यावर, वर कोकणकड्यावर रात्री अकराला तुमच्यावर लक्ष ठेवायला कोणी नसतं. तिथे जो बाटली परत सॅकमध्ये घालतो तो बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्यांदा आलेला असतो, त्याला ती जागा आपली वाटत असते.

या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात भाचीला घेऊन काजव्यांना गेले, सात वर्षांची आहे. जाताना गाडीत तिला नर, मादी, गवत सगळं सांगितलं होतं. झाडापाशी शेजारच्या एका काकांनी मोबाईल वर धरला, फ्लॅश चमकला, तशी ती त्यांच्या शर्टाला धरून म्हणाली, "काका, ती खाली बसलीये, तिला दिसणार नाही." काकांनी मोबाईल खिशात ठेवला आणि कुजबुजत विचारलं, "कोण बसलीये गं?" मग ती त्यांना सांगत बसली, अगदी हळू आवाजात.