एलईडीला भोक पाडताना

मामांची यंत्रमागाची शेड सोलापुरात, अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत. मागाच्या फेऱ्या मोजायला मी सेन्सरपासून टेबलावरच्या काउंटरपर्यंत पाच मीटर वायर ओढली होती. शेजारची मोटर सुरू झाली की काउंटर दहा-वीस आकडे पुढं. मामा म्हणाले, "कापड न विणताच फेऱ्या वाढायल्यात की रे!"

म्हणून प्लॅस्टिकची ऑप्टिकल फायबर आणली, १ मिमी जाडीची. मोटरचा झटका तारेत शिरतो, उजेडात नाही. टोकाला साधा ५ मिमीचा लाल एलईडी टेकवला, दुसरीकडे फोटोडायोड, म्हणजे उजेड पडला की करंट देणारा भाग. मल्टिमीटरवर ९ मायक्रोअँपिअर. एवढ्यात काय होणार?

आधी फोटोडायोडवर संशय घेतला, उगाच. त्याची पाटी साडेसात चौरस मिमीची, फायबरचं तोंड एक चौरस मिमीसुद्धा नाही. टेकवलं की सगळा उजेड आत. गळती एलईडीकडे होती. ही फायबर अक्षापासून साधारण ३० अंशांच्या आत आलेलाच उजेड पुढं नेते. त्यात एलईडीच्या घुमटामुळे चिप, म्हणजे आतला उजेड देणारा कण, फायबरच्या तोंडापासून चार-पाच मिमी लांब राहते. निम्म्याहून जास्त उजेड बाहेरच सांडतो.

मग घुमट कानशीने घासून सपाट केला आणि १ मिमीचं ड्रिल बोटांनीच फिरवत चिपच्या दिशेनं भोक पाडायला बसलो. चिपवरून केसाहून बारीक तार जाते. ती तुटली की एलईडी मेला. दोन असे गेले. तिसऱ्याला भिंगातून बघत, अर्धा मिमी आधीच थांबलो.

फायबरचं टोक नव्या ब्लेडनं कापलं, ६०० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवलं. झटपट गोंदाच्या वाफेनं टोक पांढरं पडलं, ते पुन्हा घासावं लागलं. शेवटी दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरला. तो भोकातली हवेची फट भरतो, म्हणून काचेसारख्या पृष्ठांवरून परत फिरणारा उजेडही वाचतो.

सकाळी मीटरवर ६२.

तरी काउंटर थांबेना! शेडमधल्या ट्यूबलाइटची सेकंदाला १०० वेळा होणारी लुकलुक फोटोडायोड मोजत होता. त्यावर काळी स्लीव्ह चढवली, तेव्हा कुठे आकडे मागाबरोबर चालायला लागले. मामांनी शेजारची मोटर चार वेळा चालू-बंद करून पाहिली.