लाल पेटी रिकामी दिसली की शंका घ्या

सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) बोअरिंग करताना, म्हणजे नगातलं भोक मापात कापताना, इन्सर्ट (हत्याराचा बदलता येणारा कापणारा तुकडा) झिजतो तसा बोअर, म्हणजे ते भोक, बारीक होत जातो. ऑपरेटर ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती) वाढवून माप राखतो. इन्सर्टची नवी कड लावताना तो ऑफसेट मागे घ्यायचा राहिला, की पहिलाच नग ओव्हरसाइज. बारीक बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला बहुतेक वेळा भंगारातच जातो.

आता सुपरवायझर चारचौघांत झापणारा असेल, तर तो नग खराब नगांच्या लाल पेटीत न पडता चांगल्या मालात मिसळतो. मग ग्राहकाकडे लाइन अडते, अख्खा लॉट पुन्हा तपासायचा खर्च आपल्या माथी. एका नगाचं नुकसान ते किती, आणि हे किती!

म्हणून आधी ‘कुणी केलं?’ नको. ‘शेवटचा चांगला नग कुठला?’ विचारा आणि त्यापुढचे सगळे बाजूला काढा. पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटर दहा मिनिटं मशीनपाशी एकत्र हवेत. ऑफसेटचे आकडे तोंडी नाही, वहीत. ही दहा मिनिटं पगारी धरा, नाहीतर आठवड्यात बंद पडतील.

रिजेक्शनचे पैसे पगारातून कापणं म्हणजे तर लपवाछपवी शिकवणंच. सुरुवातीला लाल पेटी जास्त भरेल. तेव्हा मालकांनी घाबरून पुन्हा आरडाओरडा केला, की नग पुन्हा गायब.